चेन नसलेली पिशवी

बाबा, तुमच्या हत्यारांना वायर नव्हती. मग वायरवाली हत्यारं आली. ती तुम्ही शेवटच्या वर्षांत लांबूनच बघितलीत आणि म्हणालात, "दाव्याक बांधलेली म्हस ती, दावें पुरता तितलेंच चरतली." आता ते दावंही गेलं. ड्रिल, करवत, पॉलिश करायचं यंत्र, सगळं बॅटरीवर चालतं. जी गोष्ट आधी नव्हती, मग घातली आणि मग काढून टाकून नवीन म्हणून विकली, तिच्याबद्दल मला पहिल्यापासून संशय येतो. उभी नोकरी वास्कोला बंदराच्या एका कचेरीत सामानाच्या कोठारावर काढली. तिथे येणारं प्रत्येक खोकं मी उघडून बघितल्याशिवाय सही केली नाही. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की मॅडमच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटली नाही. ते कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

हे तुम्हाला सांगते आहे कारण जिवंत माणसाला सांगितलं तर ते डिचोलीहून पेडण्याला माझ्याआधी पोचेल. गोष्ट दादाच्या धाकट्या मुलीची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. दादानं तुमच्या रंध्याला हात लावला नाही, मुळगावला खाणीच्या ट्रकावर गेला. खाण बंद पडली, ट्रक दारात उभा आहे, त्याच्या टपावर दादाची बायको मिरच्या वाळत घालते. पण ही मुलगी कोणाला न विचारता आयटीआयला जाऊन सुतारकाम शिकून आली आणि आता हरमलला पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये कामं घेते. दारं बसवणं, खिडक्या-जनेलांना जाळ्या, पडद्यांचे दांडे, फळ्या. दादाला ते पसंत नाही आणि तो ते रोज जेवताना सांगतो, म्हणून ती आठवड्यातले बरेच दिवस माझ्याकडेच जेवते. सकाळी पाववाल्या पोदेराची घंटा वाजली की दोन पोया घेते, एक खाते, एक कागदात गुंडाळते आणि स्कूटर काढते.

गणपतीची चवथ झाल्यावर तिनं ठरवलं की उसनं ड्रिल पुरे, स्वतःचं घ्यायचं. "आते, तू चल. दुकानदार तुका भियेतलो," म्हणाली. म्हापशाच्या त्या दुकानात गेलो तर भिंतभर खोकी. कुठे पिवळं ड्रिल, कुठे हिरवं, कुठे निळं, सगळी एकाच आईची लेकरं वाटावीत. दुकानदार गोड बोलायला लागला तेव्हाच मी पर्स पुढे घेऊन दोन्ही हातांनी धरली. एका खोक्यावर अठरा व्होल्ट, शेजारच्यावर वीस. "मॅडम, हें चड पावरफूल," तो वीसवाल्यावर थाप मारून म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही बॅटऱ्या काढून समोर ठेव. खाली छापलेली आतल्या सेलांची संख्या तीच, जात तीच. नुकती भरलेली बॅटरी घटकाभर वीस दाखवते आणि कामाला लागली की अठरावर येते, हे शेवटी त्यानंच कबूल केलं, तेही भाची फोनवर वाचून दाखवायला लागली तेव्हा. "सगळेच तशें लिहितात मॅडम." सगळेच लिहितात म्हणून ते खरं होत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि त्यानं आमच्यासाठी चहा मागवला. चहा मागवणारा दुकानदार म्हणजे अजून काहीतरी लपवणारा दुकानदार.

बारा व्होल्टचं एक लहानसं होतं. ते मला आवडलं. ही मुलगी दिवसभर शिडीवर चढून हात वर करून काम करते, मनगटाला वजन किती लागतं ते महत्त्वाचं. मी दोन्ही हातांत दोन ड्रिलं घेऊन, हात लांब करून, दुकानाच्या मधोमध उभी राहिले. आधी उजवा हात थरथरायला लागला, त्यातच अठरावालं होतं. गिऱ्हाइकं बघत होती. भाची म्हणाली, "आते, खाली घाल गे, लोकांक दिसता तू दरोडो घालतां." पण लहान ड्रिल चिऱ्याच्या भिंतीलाच चालतं. चिऱ्याचं काय, खिळा ठोकला तरी भुगा देतो. जनेलावरच्या काँक्रीटच्या पट्टीला ठोका मारणारं ड्रिल लागतं, आणि पडद्याचे दांडे नेमके तिथेच येतात. म्हणून अठरा. आणि त्यातही कुठल्या कंपनीचं, हे मात्र मी ठरवलं. प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळ्या खाचेची करतात, म्हणजे एकदा अडकलात की जन्मभर त्यांच्याच दारात. हरमलच्या ज्या लॉजवर तिचं सगळ्यात जास्त काम असतं, त्याच्या मालकाकडेही स्वतःचं एक ड्रिल होतं. मी म्हटलं, त्याच जातीचं घे, वीज गेली तर एकमेकांची बॅटरी चालेल. कोठारात आम्ही हेच करायचो, सगळीकडे एकाच मापाचं सामान. माझा हा शहाणपणा लक्षात ठेवा, पुढे लागेल. घरी आल्यावर मी तिला असंही म्हटलं की तुझ्या आजोबांसारखी बॅटरीवर खूण कर, तापला खिळा लाव. ती हसून म्हणाली, "वॉरंटी वता आते!"

भांडण झालं ते पिशवीवरून. मला उघड्या तोंडाची पाहिजे होती, वर लोखंडी दांडा, बाजूला खिसे, नजर टाकली की सगळं दिसणारी. तिला पाठीवर घ्यायची पाहिजे होती, स्कूटरवर बरी पडते म्हणून. काळी, कडक बुडाची आणि चारी बाजूंनी चेन. मी म्हटलं, हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात चेन गंजते. ती म्हणाली, मेण लावीन. मी म्हटलं, पावसात चेनीतून पाणी जातं. ती म्हणाली, वर टोपी आहे. मग मी खरं बोलले. "बंद पिशवी घेऊन परक्याच्या घरातून बाहेर पडायचं नसतं." ती म्हणाली, "आते, आता कोण पिशवी बघता?"

तुमची पिशवी ताडपत्रीची होती, चांभाराकडून शिवून घेतलेली, दोन्ही कानांना लाकडी मुठी. तिला बटणसुद्धा नव्हतं. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला कधीकधी कामावर न्यायचात. पेडण्यातलं ते मोठं घर मला अजून दिसतं. दिवसभर तुम्ही दाराची चौकट बसवता आहात, मी भुशात बसून लाकडाच्या कुरळ्या सालीच्या बांगड्या करते आहे. ऊन उतरलं की तुम्ही हात धुता, पिशवी उचलता आणि बाहेरच्या सोप्यावर आणून पालथी करता. करवत, पटाश्या, हातोडा, गिरमिट, सगळं खडखड करत बाहेर. घरची बाई दारात उभी असते. ती म्हणते, "नको रे मेस्ता, हें कित्याक," आणि मान वळवून अंगणातल्या तुळशीकडे बघते. मग तुम्ही एकेक हत्यार परत आत ठेवता. प्रत्येकाच्या मुठीवर तुमची डागलेली खूण, दोन आडव्या रेघा आणि मध्ये ठिपका.

माझ्या कॉन्व्हेंटमध्ये त्याच वर्षी एका मुलीची कंपासपेटी गेली होती आणि सिस्टरनी दप्तरं तपासली. सगळ्यांची नाही. मागच्या दोन बाकांची. आम्ही मागच्या बाकावर होतो, कारण आम्ही उशिरा भरती झालो होतो आणि आमचे बाप सुतार-मेस्त, पोदेर आणि खलाशी होते. पेटी नंतर पुढच्या बाकाखाली सापडली. सिस्टरनी प्रार्थनेची घंटा वाजवली. त्यामुळे तुम्ही पिशवी पालथी केलीत तेव्हा माझ्या कानशिलात आग झाली. परतताना बांधावर मी थांबले आणि विचारलं, "आपण चोर आहोत का?" तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तिका दाखवपाक न्हय गे बाय. रंधो थंय उरलो जाल्यार फाल्यां परत कोण येतलो? हांव म्हजेंच मेजतां. आनी पळय, ती बायल पळयत पसून ना."

तुम्ही स्वतःचीच हत्यारं मोजत होता आणि ती बाई बघतसुद्धा नव्हती. मला हे खरं वाटलं नाही, बाबा. तेव्हाही नाही आणि आजही नाही. पण तुम्ही इतक्या सहज म्हणालात की खोटं धरायला जागा नव्हती.

भाचीनं शेवटी चेनीचीच पिशवी घेतली. त्याच आठवड्यात माझ्या कपड्यांच्या आर्मारातून तुमची मापाची पट्टी गेली. ती पिवळी, पितळी बिजागऱ्यांची, घडीची. वास्कोची नोकरी लागली तेव्हा तुम्ही ती माझ्या हातात दिली होती. कचेरीत मला मापायला काय असणार, असं मी विचारलं, तर म्हणालात, "हिणें लाकूड तेवढें माप." मी लाकूडही कधी मापलं नाही, रुमालात गुंडाळून ठेवली. आता रुमाल होता आणि पट्टी नव्हती. सकाळी केरवाऱ्याला एक बाई येते, सिंधुदुर्गाकडची, नवरा पूर्वी खाणीवर होता. दुसऱ्या कोणाचा आर्मारापर्यंत हात पोचत नाही. मी तिला चोर म्हटलं नाही. मी फक्त विचारलं, "एक पिवळी पट्टी होती इथे. तू बघितलीस का?" शब्द एवढेच होते. सूर मात्र कोठारातला होता. तिचा झाडू थांबला. "माका कित्याक व्हयी ती, बायनू?" म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली. बिजागऱ्या पितळेच्या आहेत, भंगारात जातात, असं मी मनात धरून बसले.

मग एका संध्याकाळी भाची आली ती स्कूटर नीट उभी न करताच. लॉजवाल्याची बॅटरी हरवली होती, आणि हिच्या ड्रिलाला तशीच बॅटरी. तो म्हणत होता की हिच्याकडच्या दोनांतली एक त्याची. तेवढ्यावर थांबला असता तरी ठीक, पण शेजारच्या दोन घरांतही बोलला होता, आणि त्या दोघांनीही हिला सांगितलं होतं की सध्या येऊ नको. सीझन तोंडावर आलेला, सगळ्या खोल्यांची कामं आत्ताच. हरमलमध्ये हाताचं नाव गेलं की परत मिळत नाही. "बाबाक सांगू नको," ती म्हणाली. "तो खूश होतलो." हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून मी तिच्या मागे स्कूटरवर बसले. कंबर मोडली, पण रिक्षातून उतरणारी म्हातारी आणि स्कूटरवरून उतरणारी म्हातारी यांत फरक असतो. लॉजचा मालक अर्ध्या चड्डीत माडाला पाणी घालत होता. मला बघून त्यानं प्लास्टिकचं कदेल पुढे केलं. मी बसले नाही.

"मॅडम, हांवें चोरी म्हणूंक ना," तो म्हणाला. "हांवें इतलेंच म्हटलें, म्हजी गेल्या आनी तिच्याकडेन तशीच आसा. तिची पिशवी सदां बंद."

"म्हणजे चोरी हा एक शब्द तुम्ही गिळलात," मी म्हटलं, "बाकी सगळं पान वाढलंत, शेजाऱ्यांनाही." आणि मग मी ते वाक्य बोलले जे बोलायला मी डिचोलीहून आले होते. "आमच्या घरात परक्याची सुईसुद्धा कोणी न विचारता उचलत नाही. तीन पिढ्यांत नाही." मग भाचीला म्हटलं, "पिशवी पालथी कर."

"आते?"

"कर."

चेन अर्ध्यावर अडकली, खाऱ्या वाऱ्यानं धरलीच होती. दुसरा कोणता दिवस असता तर मी सांगितलं असतं की मी म्हटलं नव्हतं का. तिनं जोर लावून ओढली आणि सोप्यावर सगळं उलटं केलं. ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर, स्क्रूंची डबी, स्टीलचा टेप, केसांचं रबर, कागदातली पोई. मालक वाकून बघायला लागला. मी म्हटलं, बाजूचे खिसेसुद्धा. तिचा हात थांबला. मला वाटलं चेन पुन्हा अडकली. मग तिनं खिसा उघडला आणि त्यातून तुमची पट्टी पडली. घडी सुटली आणि सोप्यावर ती पिवळी, लांब, उघडी पडली. टोकाला दोन आडव्या रेघा आणि मध्ये ठिपका.

मालकानं ती उचलली. "हें कितें? हें पोरणें तर तिचें न्हय."

बाबा, कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की खोटं बोलण्याआधी माणूस नेहमी क्षणभर थांबतो. तसं काही नसतं. "माझ्या वडलांची," मी म्हटलं. "मी दिली तिला. ठेवा खाली." भाचीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती स्क्रू वेचत होती, डबीत आधीच असलेले स्क्रूसुद्धा.

आता माझा पाय घसरला होता, म्हणून आवाज आणखी चढला. "आमची झाली. आता तुमची पालथी करा."

"म्हजी? म्हजी खंय पिशवी?"

"स्कूटर आहे ना? डिकी उघडा."

तो हसायला लागला. पण आतून, चुलीपाशी मासळी साफ करणारी त्याची बायको हात तसेच ओले घेऊन बाहेर आली. "उगड मरे! परवां म्हापशां वतना तूंच घाली न्ही भितर, दुकानदाराक दाखयतां म्हणून?" त्यानं डिकी उघडली. रेनकोट, माशांची पिशवी, एक फाटका हातमोजा आणि त्याखाली बॅटरी. ती त्यानं माझ्यासमोर अशी धरली की जणू तीच त्याला चावली होती. "विसरलों," म्हणाला.

"ठीक आहे. ज्या तोंडानं गेली म्हणून सांगितलंत, त्याच तोंडानं सापडली म्हणून सांगा. आत्ता."

तो कुंपणाच्या गडग्यापाशी गेला आणि पलीकडे ओरडला, "गे, बॅटरी मेळ्ळी!"

"कुठे मेळ्ळी तेही."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. "म्हज्याच डिकींत!" तो ओरडला. पलीकडून कोणीतरी मोठ्यानं हसलं, आणि भाचीचं काम वाचलं. दुसऱ्या गडग्यावर त्याला मी पाठवलं नाही, तो स्वतःहून गेला. तिनं त्याच दिवशी त्याच्या खोलीतली राहिलेली जाळी बसवली, मी कदेलावर बसून नारळपाणी प्यायले. त्यानं पैसे घेतले नाहीत. मला तेही संशयास्पद वाटलं.

परतताना पेडण्याच्या अलीकडे तिनं स्कूटर थांबवली. हेल्मेट काढलं नाही, आतूनच बोलली. "आते, पट्टी मी विचारून घेणार होते."

"कधी?"

"पिशवी हाडली त्या दिवशी. मग तू चेनीवरून इतकी बोलली, की रावलें."

"तुझ्याकडे टेप आहे."

"जनेलाच्या आत टेप वाकता. ही वाकना." मग म्हणाली, "परत दितां."

मी म्हटलं, "लॉजवाल्यासमोर मी दिली म्हटलं ना? मग दिली. मला खोटं पाडू नको." ती हसली, पण ते हसू बारीक होतं. घरी आल्यावर तिनं पिशवी स्वतःहून सोप्यावर पालथी केली, माझ्यासमोर नाही, पाठ करून. एकेक वस्तू आत ठेवली. "कित्याक?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "एक बिट थंय उरलें काय पळयतां." तुमचं वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यावर मात्र मी विश्वास ठेवला, तुमच्यावर ठेवला नव्हता तेवढा.

हे पत्र टाकायला पेटी नाही. आर्मारात पट्टीची जागा रिकामी आहे, रुमालाच्या घडीत हे कागद मावतील. पण एक राहिलं, आणि ते मी तुम्हालाच सांगू शकते.

त्या पट्टीबद्दल विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून केरवाऱ्याची बाई जाताना सोप्यापाशी थांबते. हातातली कापडी पिशवी माझ्याकडे तोंड करून उघडी धरते. आत टॉवेल, पाण्याची बाटली, मी दिलेली पोई. "बघून घेवा, बायनू," म्हणते, अगदी हलकं, थट्टेत म्हणावं तसं. हरमलहून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ठरवलं होतं की तिला सांगायचं, पट्टी सापडली, घरातच होती. एका माणसाला मी गडग्यावरून ओरडायला लावलं होतं. ती आली, केर काढला, भांडी घासली, सोप्यापाशी थांबली, पिशवी उघडी धरली. माझ्या तोंडून निघालं, "अगं नको गं, हे कशाला." आणि मी मान वळवून तुळशीकडे बघितलं. आजही तसंच झालं.

पेडण्याची ती बाई अशीच मान वळवायची. तुम्ही म्हणाला होता ती बघतसुद्धा नाही. ती बघत होती, बाबा. मान वळवायच्या आधी बघून घ्यायची. मला माहीत आहे, कारण मीही तेच करते.